वरच्या मजल्यावर फ्रंट लोड मशीन बसवताना: आधी घर तपासा, मग मशीन

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या उपनगरात चार मजली इमारत, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. आठ किलोचं फ्रंट लोड, म्हणजे समोरून कपडे घालायचं, वॉशिंग मशीन दोन दिवसांत घरी येतंय आणि ड्राय बाल्कनीत ठेवायचं आहे. तिथे एक नळ आहे, जमिनीत नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायची जाळी) आहे, पण मशीनसाठी वेगळा आउटलेट पाइप नाही. पाणी बोअरचं आणि टँकरचं. कंपनीचा माणूस फुकट बसवून देणार आहे, तर आपण नेमकं काय बघायचं? आणि स्टँड, फिल्टर, स्टॅबिलायझर यांतलं काय घ्यायचं?

बरीच वर्षं मशीन बसवणं आणि दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो. नव्या मशीनबद्दल पहिल्या महिन्यात येणाऱ्या तक्रारींत मशीनचा दोष फार थोड्या वेळा निघतो. पाणी भरत नाही, पाणी थांबत नाही, मशीन नाचतं, हात लावला की झिणझिण्या येतात, या सगळ्यांचं मूळ बहुतेकदा नळ, निचरा, फरशी नाहीतर बोर्ड यात असतं. कंपनीच्या माणसाला दिवसभरात अनेक घरं करायची असतात. तो मशीन जोडतो, पाच मिनिटं फिरवून दाखवतो, सही घेतो आणि जातो. तुमची वायरिंग सुधारणं किंवा पाइप टाकणं हे त्याचं काम नाही. ते तुम्हाला या दोन दिवसांत करून घ्यायचं आहे.

तुमच्याकडे पहिला प्रश्न पाण्याच्या दाबाचा येणार. खालच्या मजल्यावरच्या लोकांना तो कधी कळतही नाही. टाकी गच्चीवर, तुम्ही गच्चीच्या लगेच खाली, म्हणून पाणी मुबलक असूनही नळाला जोर नाही. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब ०.३ बार ते १ बार असा काहीतरी दिलेला असतो. १ बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, म्हणजे ०.३ बारसाठी टाकीचा तळ मशीनच्या इनलेटपासून (पाणी आत जायच्या तोंडापासून) किमान ३ मीटर, सुमारे १० फूट, वर हवा. आता तुमच्या घराचा हिशोब करा. फरशीपासून गच्चीपर्यंत १० फूट, टाकी दोन फुटी ओट्यावर असेल तर १२. मशीनच्या मागचं इनलेट जमिनीपासून जवळपास ३ फुटांवर असतं, ते वजा केलं की उरले ९. त्यात पाइपचे बेंड, अर्धवट उघडे व्हॉल्व्ह आणि आत साचलेला गाळ थोडा दाब खातातच. म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. टाकी जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर असेल तर आणखी सात-आठ फूट मिळतात आणि काम भागतं. आजच गच्चीवर जाऊन बघून या.

घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. मशीनच्या नळाखाली १० लिटरची बादली धरा, नळ पूर्ण सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. मिनिटाभरात भरली तर निर्धास्त राहा. दोन मिनिटांच्या वर गेली तर आज ना उद्या मशीन पाण्याचा एरर दाखवणार. हा माझा ठोकताळा आहे, कंपनीचा नियम नव्हे, पण सहसा चुकत नाही. चाचणी सकाळी घ्या, सगळ्या घरांत आंघोळी चालू असतात तेव्हा. दुपारी तीनला सगळेच नळ जोरात वाहतात.

दाब कमी असला की मशीनमध्ये होतं काय, तेही सांगतो. इनलेटला विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, आत रबराचा पडदा. तो पडदा उघडायला आणि घट्ट बसायला पाण्याचाच दाब मदत करतो. दाब नसला की मशीन ठरावीक वेळ वाट बघतं आणि थांबतं. एलजीच्या मशीनवर आयई, सॅमसंगच्या नव्या मशीनवर ४सी असं दिसतं. दुसरी गंमत लोकांना माहीत नसते: दाब फारच कमी असेल तर तोच व्हॉल्व्ह बंद असतानाही नीट बसत नाही आणि मशीन बंद असूनही ड्रममध्ये पाणी झिरपत राहतं. ‘रात्री रिकामं मशीन, सकाळी आत तांब्याभर पाणी’ ही तक्रार आली की मी आधी घर कितव्या मजल्यावर आहे ते विचारतो.

उपाय दोन. टाकीपासून ड्राय बाल्कनीपर्यंत पाऊण इंची स्वतंत्र लाइन टाकून घ्या, मध्ये कुठेही फाटा न देता. टाकीचा तळ पुरेसा उंच असून पाइपच दाब खात असेल, तर एवढ्याने काम होतं आणि याला वीज लागत नाही. मात्र उंचीच कमी असेल, तर पाइप कितीही जाड टाकला तरी दाब वाढणार नाही. मग प्रेशर पंप. पूर्ण घराचा नको असेल तर फक्त मशीनच्या लाइनवर बसणारे छोटे बूस्टर पंपही मिळतात. ते पाणी वाहायला लागलं की आपोआप चालू होणारे घ्या, नाहीतर कोणीतरी बटण बंद करायला विसरतं आणि पंप कोरडा चालून जळतो.

नळाचं म्हणाल तर साधी तोटी ठेवू नका. गोल तोटीवर चार स्क्रूंनी आवळायचा प्लास्टिकचा ॲडॉप्टर काही मशीनबरोबर येतो. तो तात्पुरता उपाय आहे. नळ जरा हलला की तो सरकतो आणि घरात कोणी नसताना सुटतो. प्लंबरला सांगून पाऊण इंची आटे असलेला वॉशिंग मशीनचा नळ बसवून घ्या. इनलेट पाइपच्या दोन्ही टोकांना आत रबरी वायसर आहेत ना, ते बोट घालून बघा. आवळायचं हातानेच, पाना लावून दाबलं की प्लास्टिकचा नट तडकतो. या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळायचं नाही. इथे पाणी वायसर अडवतो, आटे नाहीत. आणि कपडे धुऊन झाले की नळ बंद करायची सवय लावा.

आता निचरा. तुमच्याकडे फक्त नहाणी ट्रॅप आहे, त्यामुळे इथे सगळ्यात जास्त घोळ होऊ शकतो. फ्रंट लोडला पाणी बाहेर फेकायला पंप असतो आणि त्याच्या पाइपचा मार्ग जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून जायला हवा. पाइप मशीनच्या तळातून निघून तसाच फरशीवरून ट्रॅपमध्ये सोडला तर सायफन तयार होतो. मशीन वरून पाणी घेतं आणि ते खालून आपोआप निघून जातं. आतला सेन्सर म्हणतो पाणी कमी आहे, म्हणून मशीन आणखी घेतं. तासभर पाणी वाया जातं, पावडर पहिल्याच पाच मिनिटांत गटारात गेलेली असते आणि घड्याळ एकाच आकड्यावर अडकलेलं असतं. लोक म्हणतात, मशीन पाणी फार खातं.

म्हणून पाइप आधी वर नेऊन मशीनच्या मागे वरच्या बाजूला असलेल्या क्लिपमध्ये अडकवायचा आणि मग खाली ट्रॅपकडे सोडायचा. कंपनीने क्लिप तिथे दिलेली असते ती यासाठीच. ती काढून पाइप ‘मोकळा’ करून देणारे महाभागही आहेत, लक्ष ठेवा. खालचं टोक पाण्यात बुडता कामा नये आणि कापड कोंबून किंवा टेप लावून हवाबंदही करायचं नाही. टोकाभोवती हवा खेळली पाहिजे, नाहीतर उंचीवरून नेऊनही पाणी ओढलं जातं. वास येतो म्हणून बऱ्याच घरांत हे टोक सिमेंटने लिंपलेलं मी बघितलं आहे. वास थांबवायचा तर ट्रॅपची जाळी काढून आतली वाटी जागेवर आहे का ते बघा. बहुतेक वेळा झाडताना, धुताना ती वाटीच गायब झालेली असते.

जमत असेल तर मी ट्रॅपच्या भरवशावर राहू नका असंच म्हणेन. भिंतीलगत दीड-दोन इंची पीव्हीसीचा उभा पाइप, वरचं तोंड अडीच-तीन फुटांवर, खाली सांडपाण्याच्या लाइनला जोडलेला. प्लंबरचं काही तासांचं काम आहे. त्यात मशीनचा पाइप वीतभरच आत सोडायचा. जोडताना मात्र एक गोष्ट विचारून घ्या: बाल्कनीतून उतरणारा पाइप सांडपाण्याचा आहे की गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा? पावसाच्या पाइपमध्ये साबणाचं पाणी सोडलं की ते खाली पार्किंगमध्ये उघड्यावर येतं, आणि मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या फ्लॅटचा नंबर झळकतो.

विजेच्या बाबतीत मात्र मी कोणाशी तडजोड करत नाही. फ्रंट लोडमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो, साधारण २००० वॉटचा. २३० व्होल्टवर तो एकटाच नऊ अँपियरच्या आसपास ओढतो, वर मोटर वेगळी. म्हणजे १६ अँपियरचा मोठा सॉकेट हवा, मागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी आणि शक्यतो बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. मोठ्या पिनला छोट्या सॉकेटचा कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेंशन बोर्डवर मशीन चालवलं की थंड पाण्याच्या धुण्यात काही दिवस निभावतं. मग कोणीतरी ६० अंशांवर चादरी लावतं आणि प्लग वितळतो.

अर्थिंगचं नीट समजून घ्या. मशीनच्या आत विजेचा गोंगाट गाळणारा फिल्टर असतो, त्यातले कपॅसिटर थोडा करंट बॉडीकडे सोडतात. अर्थिंग चांगलं असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मुख्य व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसतं, टेस्टर लावला तर दिवा मंद पेटतो, आणि ओल्या पायांनी दाराला हात लावला की मुंग्या येतात. मशीन सुस्थितीत असतानाची ही गोष्ट. उद्या हीटरचं इन्सुलेशन फुटलं तर त्याच बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. तेव्हा फक्त मुंग्या येऊन भागणार नाही.

आणि इथे काही वायरमन एक भयंकर शॉर्टकट मारतात. बोर्डात अर्थिंगची वायर सापडली नाही की सॉकेटच्या मागे न्यूट्रलमधून छोटा तुकडा काढून वरच्या मोठ्या पिनला जोडून देतात. टेस्टर विझतो, मुंग्या बंद होतात, ग्राहक खूश. पण कधी लाइनचं न्यूट्रल सुटलं, आणि ते सुटतं, की मशीनच्या पत्र्यावर सरळ फेज येतो. असं जोडलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढून घ्या. जुनी दुसरी पद्धत म्हणजे अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधणं. आता पाइप सीपीव्हीसीचे आहेत, प्लास्टिकला बांधलेल्या वायरचा काही उपयोग नाही. चांगल्या वायरमनकडून मीटरने दोन आकडे मोजून घ्या: फेज ते अर्थ हा फेज ते न्यूट्रलच्या जवळपास हवा, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटरवरचा आकडा बरोबर दिसला तरी अर्थिंग लोड घेईलच असं नसतं, म्हणून टेस्ट बल्ब लावूनही बघायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला की तो लख्ख पेटला पाहिजे, आणि घरात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती तिथल्या तिथे पडली पाहिजे. हे स्वतः करू नका. आरसीसीबी नसेल तर मशीनबरोबर तो खर्चही धरा.

मशीन आलं की पहिलं काम मागचे ट्रान्झिट बोल्ट. फ्रंट लोडमध्ये ड्रमची टाकी वर स्प्रिंगांना टांगलेली आणि खाली शॉकअप्सवर टेकलेली असते. ट्रकमध्ये ती आपटू नये म्हणून पाठीमागून तीन किंवा चार लांब बोल्ट घालून ती जखडलेली असते. बोल्टसह मशीन चालवलं तर पहिल्याच स्पिनला ते बाल्कनीभर चालत सुटतं आणि आतले भाग दुखावतात. बहुतेकदा १० किंवा १३ नंबरचा पाना लागतो. बोल्ट ढिला झाला की बोल्ट, रबर आणि प्लास्टिकची नळी असं सगळं एकत्र बाहेर ओढायचं. नुसता बोल्ट आला आणि नळी आत पडली तर ती शोधल्याशिवाय मशीन लावायचं नाही. मग मागची भोकं मोजा आणि हातातले बोल्ट मोजा. कोपऱ्यातला एक बोल्ट वायरच्या गुंडाळीमागे राहून गेलेला मी एकापेक्षा जास्त घरांत काढला आहे. भोकांना प्लास्टिकची टोपणं लावा, नाहीतर झुरळं तिथूनच आत जातात. बोल्ट पिशवीत घालून बिलाबरोबर ठेवा, घर बदलताना तेच परत लावायचे असतात. पॅकर्स-मूव्हर्सवाले आणत नाहीत.

लेव्हलिंगला ड्राय बाल्कनी त्रास देते, कारण तिची फरशी मुद्दाम ट्रॅपकडे उतरती केलेली असते. मशीन ठेवायच्या जागी आधी नाण्याने फरशी ठोकून बघा. पोकळ वाजणाऱ्या टाइलवर पाय येऊ देऊ नका, १२००-१४०० फेऱ्यांच्या स्पिनला ती फुटते. मग वर स्पिरिट लेव्हल ठेवून पाय वर-खाली फिरवायचे, आधी आडवं, मग उभं. पाय कमीत कमी बाहेर काढलेले बरे. बरोबर झालं की प्रत्येक पायावरचा लॉकनट वर, मशीनच्या तळाला घट्ट आवळायचा. हाच नट बहुतेक जण सोडून देतात. नट ढिला असला की कंपनाने पाय हळूहळू फिरतो आणि चांगलं बसवलेलं मशीन दोन महिन्यांनी डुगडुगायला लागतं. शेवटी समोरासमोरचे कोपरे तिरके दाबून बघा, जरासुद्धा हललं तर पुन्हा. भिंतीला खेटवू नका, चारी बाजूंनी बोटभर तरी जागा हवी.

पहिलं धुणं रिकाम्या ड्रमचं. कारखान्यात मशीन पाणी भरून तपासलेलं असतं, त्यामुळे आत थोडं पाणी किंवा कुबट वास असू शकतो. जुनं मशीन तुमच्या गळ्यात मारलंय असं समजू नका. चमचाभर पावडर घालून ६० अंशांवर कॉटनचा प्रोग्रॅम लावा. कंपनीच्या माणसाकडून पूर्ण स्पिन होईपर्यंत थांबवून घ्या. चहा द्या, थांबतो. त्या वेळात इनलेटच्या दोन्ही जोडांखाली कोरडा कागद धरा, थेंब असेल तर कागद लगेच सांगतो. नंतर अर्धा ड्रम कपडे लावून बघा. एकटी जाड चादर लावून चाचणी घेऊ नका, ती गोळा होऊन एका बाजूला बसते आणि चांगलं मशीनही थडथडतं.

बोअरच्या पाण्याबद्दल. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी तसं मऊ आहे, पण बोअरचं आणि टँकरचं पाणी आपल्याकडे बहुधा जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने २०० मिलिग्रॅम प्रति लिटर कठीणपणा स्वीकारार्ह धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) हा आकडा सांगत नाही, त्यासाठी हार्डनेसच्या पट्ट्या मिळतात. जड पाण्यात पावडर जास्त लागते, कपडे राठ होतात आणि हीटरवर पांढरा थर चढतो. तुम्हाला नळावर लावायचा फिल्टर विकायचा प्रयत्न होईलच. त्यातले गोळ्या भरलेले, पॉलीफॉस्फेटवाले फिल्टर पाणी मऊ करत नाहीत, फक्त थर बसायचा वेग कमी करतात. खरोखर मऊ करतो तो मिठाने रिचार्ज होणारा सॉफ्टनर. पण कोणताही फिल्टर पाण्याचा दाब खातो, आणि तुमच्याकडे खायला दाब आहेच कुठे? म्हणून आधी बादलीची चाचणी, मग फिल्टर. तोवर दोन-तीन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅमच्या आसपास सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, घालून ६० अंशांवर एक फेरी चालवा. त्या फेरीत ब्लीच अजिबात नको. टँकरच्या पाण्यात रेती असते, ती इनलेटच्या टोकाच्या छोट्या जाळीत अडकते. दीड-दोन महिन्यांनी नळ बंद करून ती पक्कडने ओढून काढा आणि जुन्या टूथब्रशने धुवा. पाण्याचा एरर आला तर फोन करण्याआधी हेच करा, कॉलचे पैसे वाचतील.

राहिलं विकत घ्यायचं सामान. चाकांची ट्रॉली फ्रंट लोडखाली अजिबात नको. तोल सांभाळायला आत बसवलेल्या सिमेंटच्या वजनासह साठ-सत्तर किलोचं मशीन चाकांवर उभं करून हजारावर फेऱ्यांनी फिरवायचं हे मला कधीच पटलेलं नाही. फरशी धुताना पाणी खाली शिरत असेल तर चार इंच उंचीचा विटांचा पक्का ओटा बांधा, नाहीतर चाकं नसलेला जाड लोखंडी स्टँड घ्या, तोही रबरी पायांचा. बाल्कनीत पावसाचा सपका येत असेल तर कव्हर घ्या, पण चालू मशीनवर ते घालून ठेवू नका. उंदरांचा त्रास असेल तर मशीनच्या खाली जाळी लावता येते का हे त्याच दिवशी विचारा. वायर कुरतडल्याचा खर्च वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

स्टॅबिलायझरचं उत्तर तुमच्या भागातल्या विजेवर आहे. शहरात व्होल्टेज बहुतेक वेळ २१० ते २४० च्या मध्ये राहतं, तिथे गरज नाही. रात्री दिवे मंद होत असतील किंवा व्होल्टेज वरचेवर १८० च्या खाली जात असेल तर घ्या, आणि घेताना तो मशीनच्या हीटरसह पूर्ण लोडचा, निदान तीन केव्हीएचा आहे ना ते बघा. मशीनवर ‘इन्व्हर्टर’ लिहिलंय म्हणून ते घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालतं असं समजू नका. तो इन्व्हर्टर आतल्या मोटरचा वेग सांभाळतो. ८०० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरवर हीटर चालू झाला की तो ओव्हरलोड होऊन बंद पडतो.